जाहीरकाका आले नाहीत

आमच्या शेजारच्या काकांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. काकू ‘अहो’ म्हणायच्या, थोरली बहीण ‘छोटू’ म्हणायची आणि बाकी सगळं गाव ‘जाहीरकाका’. साठी ओलांडलेल्या, डोक्यावर नावापुरते केस उरलेल्या किडकिडीत माणसाला कुणी छोटू म्हणून हाक मारली की मला आधी हसू यायचं. पुढे येईनासं झालं.

गावातल्या दैनिकात ते प्रुफं तपासायचे. बातम्यांची नव्हे, बातम्यांना दुसरी माणसं होती. काकांच्या वाट्याला आयुष्यभर एकच पान आलं, ‘जाहीर सूचना’. पालिकेला रस्ता खोदायचा असो, कुणाची भिंत धोकादायक ठरवायची असो, की कुणाच्या अंगणातून गटार न्यायचं असो, ते आधी पेपरात छापावं लागे आणि लोकांना हरकत घ्यायला मुदत द्यावी लागे. मुदत उलटली की मग कपाळ बडवूनही उपयोग नाही. आता हे पान वाचायचं कोण? अक्षर एवढं बारीक की मुंगीलाही चष्मा लागावा. आमच्याकडे तर ते न वाचता थेट कपाटाच्या फळीवर अंथरलं जायचं, कारण त्या पानाला चित्रं नसत आणि डब्यांना शाई लागत नसे.

पण गावाला ते पान वाचायची गरजही नव्हती. त्याचं असं झालं. काका नोकरीला लागले त्या काळात एका आकड्याची चूक झाली आणि धोकादायक म्हणून भलत्याच माणसाचं घर छापून आलं. तो माणूस पायातला जोडा हातात घेऊन कचेरीत आला. चूक पालिकेच्या कागदातच होती, पण काकांनी ती मनाला लावून घेतली. तेव्हापासून संध्याकाळी प्रुफाची गुंडाळी बगलेत मारून ते त्या त्या गल्लीत जायला लागले. दारावरच्या पाटीवर एक बोट, कागदावर दुसरं, असं करून घराचा क्रमांक ताडून पाहायचे. संपादकांनी सांगून पाहिलं, अहो, पालिकेत फोन करा की. काका म्हणाले, फोनवर आकडा ऐकू येतो, दिसत नाही.

आता आपल्या दारावर बोट ठेवून कुणी उभा राहिला तर माणूस विचारणारच, काय हो, काय पाहताय. काका सांगायचे. उद्याच्या अंकात तुमचं आहे, अमुक तारखेच्या आत जाऊन हरकत लिहून द्या. एवढंच. चहा घ्यायचे नाहीत, सल्ला द्यायचे नाहीत, पुढच्या दाराकडे वळायचे. हळूहळू गावाला सवय झाली. कोपऱ्यावरचा बेकरीवाला त्यांना लांबून येताना पाहिलं की दार अर्धं ओढून घ्यायचा. दाराशी कोण आहे म्हणून सासूनं आतून विचारलं तर एक सूनबाई म्हणाली होती, पालिका आलीय चालत. लोक त्यांना टाळायचे, थट्टा करायचे, मागून यमदूत म्हणायचे, आणि मुदतीच्या आत हरकत द्यायला मात्र झाडून सगळे जायचे. कितीएक जणांच्या भिंती त्या बोटामुळे वाचल्या.

याची दुसरी बाजू मात्र कुणाच्या फारशी लक्षात आली नव्हती. जाहीरकाका दारात आले म्हणजे संकट, हे जसं ठरून गेलं, तसंच ते आले नाहीत म्हणजे काही नाही, हेही ठरून गेलं. गावात काही कुजबुज झाली, कुणी फीत घेऊन मोजताना दिसलं, की बायका एकमेकींना विचारायच्या, जाहीरकाका आले का? नाही ना? मग झोपा स्वस्थ.

त्यांच्या बहिणीचं घर बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. दोनच खोल्या, एकापाठी एक. पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीला अगदी चिकटून. आम्ही सगळ्या तिला ताईच म्हणायचो. लहान मुलींचे फ्रॉक, शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, ढगळ झालेले कोट आत घेणं, असलं सगळं ती करायची. काळ्या कापडावर काळा दोरा घालताना ती कापड खिडकीच्या उजेडात तिरपं धरायची आणि म्हणायची, माझे डोळे केव्हाच गेलेत, ही खिडकी शिवते, मी नुसते पाय हलवते.

आई गेली तेव्हा काका जेमतेम शाळेत जाऊ लागले होते. ताईनंच त्यांना वाढवलं, याच मशीनवर. नवरा लवकर गेला, एक मुलगी होती ती लग्न होऊन दूरच्या मोठ्या शहरात गेली. पण ताईला एकटं वाटतं असं कधी दिसलं नाही. खिडकीतून अर्धं गाव तिच्याशी बोलत जायचं. शेजारच्या टपरीतला किल्लीवाला तर दिवसभर तिच्याशी भांडायचा. तो म्हणायचा, तुमच्या मशीनच्या खडखडाटानं माझी किल्ली वाकडी घासली जाते. ती म्हणायची, हात वाकडे असले की मशीनला नावं ठेवावीत. काका रोज कामावरून परतताना तिच्याकडे थांबायचे. दोघं फारसं बोलायची नाहीत. ती दोरा दातानं तोडत काहीतरी विचारायची. उद्या पाणी येईल का, दिवे जाणार आहेत का, अमक्याच्या घराचं काय झालं. काका उत्तर द्यायचे. ते उत्तर ताईला पुरायचं. एखाद्या गिऱ्हाइकानं दुसरंच काही सांगितलं तर म्हणायची, आमचा छोटू तसं म्हणाला नाही.

मग पालिकेनं ठरवलं की यापुढे सूचना पेपरात द्यायच्या नाहीत, वेबसाइटवर टाकायच्या. खर्च वाचेल, शिवाय ज्याला हवं त्याला घरबसल्या वाचता येईल. यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. आमच्या घरी जेवताना बोलणं निघालं तेव्हा मीही म्हटलं होतं, बरं झालं, फळीवर अंथरायला जुनी मासिकं आहेतच. पेपरच्या कचेरीत मात्र त्या पानावरच निम्मा डोलारा उभा होता. पान गेलं, त्याच्याबरोबर काकाही गेले. त्यांना हार घातला, दोन शब्द बोलले, भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकूंनी ते स्वयंपाकघरात लावलं आणि म्हणाल्या, आता हा माणूस दिवसभर घरात, म्हणजे मला वेळ कळायला हवीच.

पण दिवसभर घरात राहील तो माणूस कसला. संध्याकाळ झाली की पाय आपोआप निघायचे. बगलेत प्रुफं नाहीत, पण चाल तीच, गल्ल्या त्याच. दारातली माणसं त्यांना पाहून आधी दचकायची, मग विचारायची, काय काका, आमचं काही नाही ना? आणि काका हात हलवून म्हणायचे, काही नाही, काही नाही. सहज फिरायला आलोय. माणसं ‘काही नाही’ एवढंच ऐकायची आणि हसून दार लोटून घ्यायची.

त्याच दिवसांत बाजाररस्त्यावर फीत घेऊन माणसं येऊन गेली. किल्लीवाला म्हणाला, रस्ता रुंद करणार म्हणतात. ताईनं संध्याकाळी काकांना विचारलं. ती त्या वेळी एका कोटाचं अस्तर उसवत होती, मानही वर केली नाही. छोटू, आपलं काही नाही ना? काका म्हणाले, काही नाही.

हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. खोटं बोलावं असं मनातही नव्हतं. पेपर ते अजून रोज सकाळी विकत घ्यायचे. त्यात कोपऱ्यात ‘जाहीर सूचना’ हा मथळा अजून असायचा, त्याखाली हरवलेली प्रमाणपत्रं आणि बँकांचे लिलाव. त्यांनी मनाशी धरलं होतं की पाणीकपात, निविदा असलं किरकोळ तिकडे गेलं असेल, पण माणसाचं घर घ्यायचं तर ते छापल्याशिवाय कसं घेतील? त्या कोपऱ्यावरून ते रोज बोट फिरवत. बाजाररस्त्याचं नाव त्यात नव्हतं. नव्हतं म्हणून ते नाही म्हणाले.

त्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी मी पडद्यांना खालून पट्टी मारून घ्यायला ताईकडे गेले होते. सकाळची वेळ होती. बाहेर पालिकेचा एक माणूस रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला. त्यानं हातातला कागद पाहिला, फीत धरली आणि घराच्या बाजूच्या भिंतीवर उभी लाल रेघ ओढली. ती रेघ खिडकीच्या मागे होती, मशीनच्याही मागे. पुढची खोली जवळजवळ सगळीच रेघेच्या रस्त्याकडच्या अंगाला येत होती.

ताई घाबरली नाही. रागावलीही नाही. तिनं चष्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीतून त्याला समजावून सांगायला लागली, की तुमचं घर चुकलंय. तो म्हणाला, कागदावर हेच आहे. ती म्हणाली, कागदाला काय होतंय, पूर्वीही कागदात चुका व्हायच्या, म्हणून तर आमच्या भावाला दारोदार फिरावं लागायचं. तो म्हणाला, हरकतींची मुदतसुद्धा संपली. ताई हसली. मला म्हणाली, बघ गं, मुदत सुरू कधी झाली ते माहीत नाही आणि संपलीसुद्धा. मग त्या माणसाला म्हणाली, “असं काही असतं तर छोटू आला असता सांगायला. पालिका विसरेल, माझा भाऊ विसरायचा नाही. तू जा, नीट बघून ये.”

तिच्या बोलण्यात इतकी खात्री होती की तो माणूस खरंच गोंधळला. आपल्या ओल्या रेघेकडे बघत उभा राहिला. किल्लीवाला त्याची टपरी तशीच उघडी टाकून काकांना बोलवायला गेला.

काका आले ते घरातल्याच कपड्यांवर. आधी दाराच्या पाटीवर बोट ठेवलं, मग त्या माणसाकडून कागद घेऊन त्यावर बोट ठेवलं. जन्मभर ज्या घराशी असं उभं राहायची वेळ आली नव्हती तिथं ते उभे होते. बोट बराच वेळ कागदावरून उचललं गेलं नाही. ताई खिडकीतून पाहत होती. म्हणाली, सांग रे त्याला. काका म्हणाले, मी येतो जाऊन.

पालिकेत मी त्यांच्याबरोबर गेले. काकूंचे गुडघे धरले होते आणि काकांना कॉम्प्युटरवरचं वाचता येईल की नाही याची त्यांना धास्ती होती. रस्त्यात ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, नंबर चुकला असेल. नंबर चुकलेला असला तर सूचनाच रद्द होते, सगळं पहिल्यापासून काढावं लागतं, पुन्हा मुदत द्यावी लागते. मागे तसं झालेलं त्यांनी पाहिलं होतं.

खिडकीवरची कारकून मुलगी चांगली होती. तिनं स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवली. सूचना होती. घातल्याची तारीख होती, मुदतीची तारीख होती. किती जणांनी पाहिली तो आकडाही खाली होता आणि तो इतका लहान होता की ती स्वतःच ओशाळून म्हणाली, यातले निम्मे आम्हीच असू. काकांनी विचारलं, हे कागदावर मिळेल का? तिनं लगेच काढून दिलं.

ते भिंतीकडच्या बाकावर बसले. खिशातून पेन्सिल काढली आणि वाचायला लागले. आधी सरळ, मग शेवटून उलट. प्रुफं वाचण्याची ती त्यांची जुनी रीत होती. शेवटच्या शब्दापासून मागे मागे यायचं, म्हणजे अर्थ आड येत नाही, नुसती अक्षरं आणि आकडे दिसतात. मी शेजारी बसले होते. पेन्सिलीचं टोक एकेका आकड्यावर थांबत होतं आणि पुढे सरकत होतं. जन्मभर या माणसानं चूक असू नये म्हणून कागद वाचले. आज एखादी तरी असावी म्हणून वाचत होता. घराचा क्रमांक, रस्त्याचं नाव, लांबी, रुंदी, मालकाचं नाव, कायद्याचं कलम. मग पुन्हा एकदा सगळं.

शेवटी त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. म्हणाले, शुद्ध आहे.

त्या मुलीला राहवलं नाही. ती खिडकीमागून उठून बाहेर आली आणि आमच्याजवळ उभी राहून सांगायला लागली की समोरच्या रांगेतल्या दुकानदारांनी मुदतीत हरकती घेतल्या होत्या. औषधवाल्यांच्या सुनेनं वेबसाइट पाहिली, मग सगळी रांग मिळून आली. पहिल्या आखणीत दोन्ही बाजूंचं थोडंथोडं जाणार होतं, ताईच्या घराची फक्त पायरी. हरकती एकाच बाजूनं आल्या म्हणून रेघ दुसऱ्या बाजूला सरकली. या बाजूनं एक जरी अर्ज असता तर एवढी सरकली नसती. आता मंजुरी झाली. मग ती हळूच म्हणाली, काका, यापुढे सगळं वेबसाइटवरच येईल, जागा घेण्याच्या सूचनासुद्धा, हे आम्ही तुमच्याच पेपरात छापलं होतं हो. शेवटची सूचना तीच होती.

काकांनी मान हलवली. ती सूचना त्यांनीच तपासली होती. एक सुटलेला आकडा भरला होता. उलटी वाचली होती.

परत येताना आम्ही औषधाच्या दुकानापाशी थांबलो. औषधवाले स्वतःच बाहेर आले. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. म्हणाले, रस्ता ओलांडून सांगायला किती वेळ लागला असता हो, पण आम्हाला वाटलं, त्यांचा तर सख्खा भाऊच तुम्ही, त्यांना आमच्याआधी कळलं असेल. त्यांनी हरकत घेतली नाही म्हणजे त्यांना चालत असेल.

काका वळले. रस्ता ओलांडून गेले.

ताई मशीनवरच बसली होती, पण मशीन थांबलेलं होतं. माझे पडदे घडी घालून बाजूला ठेवले होते. काकांनी दारातच उभं राहून सगळं सांगितलं, न अडखळता, एखादा मजकूर वाचून दाखवावा तसं. रेघ बरोबर आहे. मुदत संपलीय. पायरीच जाणार होती, आता खोली जाणार. तू विचारलं होतंस तेव्हा मी काही नाही म्हणालो, तेव्हा मुदत चालू होती.

ताईनं ऐकून घेतलं. मांडीवरच्या कोटाच्या बाहीवर लागलेला दोऱ्याचा तुकडा चिमटीनं उचलला. मग म्हणाली, “तुला माहीत नव्हतं, तर माहीत नाही म्हणायचं होतंस रे.”

आवाज चढवला नाही, डोळ्यांना पदर लावला नाही. तेवढंच बोलली आणि मला म्हणाली, तुझे पडदे झालेत, घेऊन जा. किल्लीवाला दाराशी आला होता, तोही मागे वळला.

मी बरेचदा विचार करते की तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं तसलं काही केलं नाही. काका रोज संध्याकाळी जात राहिले, ती रोज त्यांना बसायला स्टूल पुढे करत राहिली. छोटू म्हणणंही चालूच राहिलं. फक्त विचारणं बंद झालं. उद्या पाणी येईल का हे ती किल्लीवाल्याला विचारायची, काका समोर बसलेले असताना. किल्लीवाला बिचारा काकांकडे पाहायचा आणि मग चाचरत उत्तर द्यायचा. काकूंनी एकदा न राहवून ताईला म्हटलं, अहो, त्यांच्याशी नीट बोला हो, जेवण जात नाहीये त्यांना. ताई म्हणाली, बोलते की. मी कुठे अबोला धरलाय? आणि खरंच धरला नव्हता. तिला त्यांच्यावर राग नव्हताच. तिचा भरवसा गेला होता, आणि तो परत कुठून आणायचा ते तिलाही ठाऊक नव्हतं.

काकांनी अर्ज केले. वेगवेगळ्या टेबलांवर, स्वच्छ अक्षरात. सगळ्यांनी नीट घेतले, शिक्का मारून पोच दिली. भरपाई नियमाप्रमाणे मिळाली, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. एका सकाळी यंत्र आलं आणि दुपारपर्यंत पुढची खोली नाहीशी झाली. किल्लीवाल्याची टपरीही गेली, पण तो चाकांवर दुसरी टपरी करून कोपऱ्यावर गेला. ताईनं मशीन मागच्या खोलीत हलवलं. त्या खोलीला खिडकी नव्हती, वर एक झरोका होता. दिव्याखाली तिला काळ्यावरचा काळा दोरा दिसेना. टाके सुटायला लागले. एकदा माझ्या मुलीच्या गणवेशाचा खिसा तिनं उलट्या बाजूनं लावला. मी काही बोलले नाही, घरी आणून उसवून पुन्हा लावला. इतरांनीही काही म्हटलं नसावं, पण कामं येईनाशी झाली. बोळातून वळून मागच्या दारानं जायचं जिवावर यायचं लोकांच्या. आणि रस्त्यावरून जाता-येता तिच्याशी बोलायला आता खिडकीच उरली नव्हती, मधे नुसती भिंत.

वर्ष सरायच्या आत तिची मुलगी येऊन तिला घेऊन गेली. सामान फार नव्हतंच. मशीन न्यायचं की नाही यावरून थोडी बोलाचाली झाली. मुलगी म्हणत होती, आई, आता कशाला, आराम कर. ताई म्हणाली, आराम करतानाही बसायला काहीतरी लागतं. मशीन गेलं. काकांनी ते गोणपाटात बांधून दिलं, सुतळीच्या गाठी पुन्हा पुन्हा तपासल्या. बस निघताना ताईनं खिडकीतून हात बाहेर काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला, लहान मुलाच्या ठेवावा तसा. काका केव्हा येऊ म्हणाले. ती म्हणाली, ये की केव्हाही. कधी यायचं ते तिनं सांगितलं नाही.

ती गेल्यावर काही दिवसांनी काका आमच्याकडे आले. सकाळची कामं उरकून मी भाजी निवडत होते. म्हणाले, तुमच्या कॉम्प्युटरवर एक काम होतं, जमेल का? त्यांना आपल्या पालिकेची वेबसाइट पाहायची असेल असं वाटून मी ती उघडून दिली. ते म्हणाले, ही नको. भाचीच्या शहराची.

ते शहर केवढं मोठं. सूचनाच सूचना. कुठे पूल, कुठे नळ, कुठे जुन्या इमारती. काकांनी ते शहर पाहिलेलं नाही, तिथले रस्ते त्यांना ठाऊक नाहीत. भाचीचा पत्ता त्यांनी पाठ केला आहे आणि आसपासच्या रस्त्यांची नावं मी त्यांना नकाशावर दाखवली आहेत. तेव्हापासून ते रोज येतात. खुर्ची पुढे ओढून बसतात आणि नव्या आलेल्या सगळ्या सूचना वाचतात. आता उलट्या वाचत नाहीत. ओठ हलवत, सावकाश, समजेपर्यंत. एखादा शब्द अडला तर मला विचारतात. मी हातातलं काम ठेवून सांगते. माझ्या नवऱ्यानं एकदा म्हटलं, काका, हे तुमच्या भाचीला फोनवरसुद्धा दिसतं, ती पाहील की. काका म्हणाले, पाहील, पण न पाहिलं तर?

ताईला त्यांनी यातलं काहीच सांगितलेलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, तिला सांगितलं की ती माझ्यावर विसंबेल. मग म्हणाले, किंवा विसंबणार नाही. दोन्ही नकोत.

फोन होतो अधूनमधून. बहुतेक वेळा भाचीच बोलते. आई ठीक आहे, गॅलरीत बसते, मशीनवर कापड टाकून ठेवलंय, त्यावर रोपाची कुंडी ठेवली आहे, असं सांगते. ताई आली फोनवर तर जेवलास का विचारते, काकूंचे गुडघे विचारते. हवा कशी आहे तेही दोघं एकमेकांना सांगतात.

आज सकाळी ती वेबसाइट उघडतच नव्हती. दुरुस्ती चालू आहे, काही वेळानं पाहा, असं येत होतं. मी म्हटलं, काका, उद्या बघू. ते बरं म्हणाले, पण उठले नाहीत. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. जन्मात कुणाच्या दारी चहा न घेतलेला माणूस, त्यांनी कप हातात धरला आणि स्क्रीनवरच्या त्या एका ओळीकडे बघत बसून राहिले. मी स्वयंपाक केला, कपडे वाळत घातले, मुलीला शाळेतून घेऊन आले, तरी ते तिथंच होते.